स्थालीपुलाक न्याय आणि मतदानयंत्रांची परीक्षा

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले. महायुतीतील तीन प्रमुख पक्षांनी मिळून २८८ पैकी २३० जागा जिंकल्या आणि पराभूतांच्या गोटातून यंत्रांविरुद्धची परिचित ओरड पुन्हा सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी या गावी तर मतपत्रिकांवर 'फेरमतदान' घेण्याचा घाट घातला गेला. प्रशासनाने जमावबंदी लागू करून तो प्रयोग थांबवला. विशेष म्हणजे, ज्या मतदारसंघात हे घडले तेथे त्याच पक्षाचा उमेदवार निवडून आला होता! अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, लोकसभेच्या निवडणुकीत, याच राज्यात महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा मिळवल्या होत्या, तेव्हा यंत्रे निर्दोष होती. ज्या दिवशी महाराष्ट्राची मतमोजणी झाली त्याच दिवशी झारखंडमध्ये भाजपविरोधी आघाडी सत्तेवर आली. तेथेही यंत्रांविषयी कोणाची तक्रार नव्हती. सोयीचा निकाल लागला की लोकशाही जिवंत आणि गैरसोयीचा लागला की यंत्र सदोष, या वृत्तीचा समाचार आजवर अनेकांनी घेतला आहे. तो घेणे सोपेही आहे.

परंतु या गदारोळात एक प्रश्न असा विचारला गेला की ज्याचे उत्तर केवळ उपहासाने देता येत नाही. निवडणूक आयोगाने सांगितले की, राज्यातील १,४४० व्हीव्हीपॅट यंत्रांतील चिठ्ठ्या प्रत्यक्ष मोजण्यात आल्या आणि मतदानयंत्रांवरील आकड्यांशी त्या तंतोतंत जुळल्या. त्यावर प्रतिप्रश्न आला : राज्यात सुमारे एक लाख मतदान केंद्रे, त्यांतील १,४४० म्हणजे शंभरात जेमतेम दीड. एवढ्याशा तपासणीवरून उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांची ग्वाही कशी देता येईल? हा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये राजकीय हेतूने प्रेरित मंडळी आहेत, तसेच प्रामाणिक शंका असलेले सामान्य नागरिकही आहेत. त्या नागरिकांना उत्तर मिळाले पाहिजे. उत्तर श्रद्धेत नाही, गणितात आहे. आणि ते गणित वाटते तितके अवघड नाही.

भांडे केवढे, हा प्रश्न नव्हे

आपल्या शास्त्रपरंपरेत 'स्थालीपुलाक न्याय' प्रसिद्ध आहे. स्थाली म्हणजे भांडे, पुलाक म्हणजे शीत. भांड्यातील एक शीत दाबून पाहिले की सगळा भात शिजला की नाही ते कळते. मराठी गृहिणीने हेच सूत्र 'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीत आणून ठेवले. आता घरातल्या पातेल्यातला भात आणि गावजेवणाच्या देगीतला भात, या दोहोंची परीक्षा करण्यासाठी देगीतून शेकडो पट शिते काढावी लागतात काय? कोणताही आचारी तसे करत नाही. तो डाव फिरवतो, चार ठिकाणची शिते घेतो आणि निर्णय देतो. भात किती आहे याला महत्त्व नाही. तो नीट ढवळला गेला आहे की नाही आणि आचाऱ्याला किती खात्री हवी आहे, याला महत्त्व आहे.

आधुनिक संख्याशास्त्राने हीच गोष्ट आकड्यांत बांधली. समजा, एखाद्या पक्षाला किती टक्के मतदारांचा पाठिंबा आहे हे जाणून घ्यायचे आहे. उत्तर तीन टक्के इकडेतिकडे झाले तरी चालेल, परंतु शंभरापैकी पंचाण्णव वेळा तरी ते त्या मर्यादेत बसले पाहिजे, अशी अट आहे. तर हिशेब असा : पंचाण्णव टक्के खात्रीसाठी ३.८४ हा आकडा घ्यावा. त्याला पावाने गुणावे. कारण पाठिंबा निम्मा-निम्मा विभागलेला असणे ही अंदाजाच्या दृष्टीने सर्वांत कठीण स्थिती, आणि अर्ध्याने अर्ध्याला गुणले की पाव येतो. आलेल्या ०.९६ ला त्रुटीच्या वर्गाने, म्हणजे ०.०००९ ने भागावे. उत्तर येते १,०६७. एवढ्या माणसांना, यदृच्छेने निवडून, विचारले की पुरे.

या हिशेबात राज्याची लोकसंख्या कोठेच आलेली नाही. गोव्यासाठी १,०६७ आणि उत्तर प्रदेशासाठीही १,०६७! मूळ समूह अगदीच लहान असेल तेव्हाच हा आकडा खाली येतो. हजार मतदारांच्या गावात ५१६ जणांना विचारले तरी भागते. मात्र अचूकतेची किंमत चढी आहे. त्रुटी तीन टक्क्यांवरून दोनवर आणायची तर सुमारे २,४०० माणसे लागतात आणि एक टक्क्यावर आणायची तर ९,६००. त्रुटी निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो, असा हा नियम आहे. म्हणून 'शंभरात किती तपासले' हा प्रश्नच मुळात चुकीचा ठरतो. विचारायला हवे ते असे : एकूण किती तपासले, कसे निवडले आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी?

न ढवळलेले भांडे

'कसे निवडले' या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने १९३६ साली जगाला दाखवले. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांकडे मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यावरून साप्ताहिकाने लँडन यांचा विजय जाहीर केला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. साप्ताहिकाच्या याद्या प्रामुख्याने दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांच्या होत्या आणि मंदीच्या त्या काळात गरीब मतदार त्यांत फारसा नव्हता. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली ते इतरांसारखे नव्हते. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. वीस लाख शिते काढली, पण सगळी भांड्याच्या एकाच कोपऱ्यातली!

हा धडा भारतीय संशोधकांनी स्वतंत्रपणे शेताच्या बांधावर शिकून घेतला, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पद्धतीने घेण्याचे मोठे काम उभे केले. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे श्रेय त्यांचेच. त्यांच्याशी वैचारिक झुंज घेणारा संख्याशास्त्रज्ञ सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडन गाठले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या नमुना पाहणीची शिस्त घालून दिली. वाद होता तो शेतात कापणीसाठी आखायचा तुकडा केवढा असावा याचा. लहान तुकडे घेतले तर कमी श्रमांत पुष्कळ नमुने मिळतात, असा एक पक्ष. सुखात्मे यांनी दाखवून दिले की, तुकडा फार लहान असला की त्याच्या कडेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून आत धरली जातात, आणि मग उत्पादनाचा अंदाज खऱ्यापेक्षा फुगतो. असे शेकडो तुकडे कापले तरी ती चूक कमी होत नाही, उलट तीच चूक शेकडो वेळा गिरवली जाते. नमुना वाढवल्याने योगायोगाची चूक कमी होते, पक्षपाताची नाही. एवढे एक वाक्य समजले तरी सर्वेक्षणांच्या बाजारातील निम्मा माल ओळखता येतो.

२००४ साली बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी वाजपेयी सरकारला पुढे दाखवले. प्रत्यक्षात भाजप १३८ जागांवर थांबला. २०२४ साली बहुतेक वाहिन्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या, मिळाल्या २९३. दोन्ही वेळी नमुने लहान नव्हते. मतदाराने खरे सांगितले काय, केंद्रे कशी निवडली आणि मतांच्या टक्केवारीवरून जागा कशा काढल्या, या ठिकाणी पाणी मुरत होते. एकदा अंदाज आपल्या विरोधात चुकला म्हणून हळहळ करायची आणि एकदा आपल्या बाजूने फुगवला म्हणून पेढे वाटायचे, हे दोन्ही विवेकाला धरून नाही.

४७९ चा हिशेब

आता यंत्रांकडे वळू. व्हीव्हीपॅटची व्यवस्था सहजासहजी मिळालेली नाही. १९८२ साली केरळमधील परवूर येथे मतदानयंत्र प्रथम वापरले गेले आणि २००४ साली लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत ते आले. २००९ च्या निकालानंतर यंत्रांविषयी शंका उपस्थित करणाऱ्यांत लालकृष्ण अडवाणी होते, हे आज विसरून चालणार नाही. डॉ. सुब्रमण्यम स्वामी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यायालयाने टप्प्याटप्प्याने कागदी पडताळणीची सोय करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागालँडमधील नोक्सेन पोटनिवडणुकीत तिचा पहिला वापर झाला होता. म्हणजे मतदाराला काचेआड सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी विचारलेल्या प्रश्नाचे फळ आहे. तेव्हा प्रश्न विचारणे देशद्रोह नव्हता, आजही नाही. फरक एवढाच की, तेव्हा प्रश्नकर्त्याने मिळालेले उत्तर स्वीकारून पुढचे पाऊल टाकले.

पुढचा प्रश्न आला तो चिठ्ठ्या किती यंत्रांच्या मोजाव्यात हा. आयोगाच्या विनंतीवरून भारतीय सांख्यिकी संस्थेतील आणि अन्य तज्ज्ञांच्या समितीने मार्च २०१९ मध्ये अहवाल दिला. चेन्नई गणित संस्थेचे प्रा. राजीव करंदीकर हे समितीतील एक सदस्य. देशात वापरात येणारी यंत्रे सुमारे १० लाख ३५ हजार. समितीने सांगितले की, त्यांतून यदृच्छेने ४७९ यंत्रे तपासली आणि एकही सदोष सापडले नाही, तर एकूण सदोष यंत्रांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी आहे असे ९९.९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने म्हणता येईल.

हा आकडा आकाशातून पडलेला नाही. समजा, शंभरात दोन यंत्रे खरोखरच सदोष आहेत. मग एक यंत्र उचलले तर ते निर्दोष निघण्याची शक्यता ०.९८. दोन्ही निर्दोष निघण्याची ०.९८ गुणिले ०.९८. असा गुणाकार ४७९ वेळा केला की उरतात लाखात जेमतेम सहा. इतक्या वेळा दोषाने हुलकावणी द्यावी हे जवळजवळ अशक्य. म्हणून ती दिली नाही, असा निष्कर्ष. न्यायशास्त्राच्या परिभाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. परंतु अनुमान हेही प्रमाणच असते, आणि येथे त्याच्या चुकीची शक्यता किती तेही मोजून दिलेले आहे.

त्या वेळी चंद्राबाबू नायडू यांच्यासह २१ विरोधी पक्षांच्या नेत्यांची मागणी निम्म्या यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याची होती. ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही, पण विधानसभा क्षेत्रामागे एकाऐवजी पाच यंत्रे तपासण्याचा आदेश दिला. त्यामुळे देशभरातील तपासणी ४,१२५ वरून २०,६२५ यंत्रांवर गेली. तज्ज्ञांनी सांगितलेल्या आकड्याच्या ती चाळीस पटींहून अधिक भरते.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

येथे थांबून विजयाचा शंख फुंकणे सोपे आहे. पण प्रामाणिकपणा त्यापुढे जायला सांगतो. काही जाणकारांनी समितीच्या हिशेबावर एक गंभीर आक्षेप घेतला. निवडणूक देशाची एक नसते, प्रत्येक मतदारसंघाची वेगळी असते. भांडे एक नाही, अनेक आहेत, आणि एका भांड्यातील शितावरून दुसऱ्या भांड्यातला भात कळत नाही.

हा आक्षेप गणिताच्या दृष्टीने खरा आहे. महाराष्ट्रातील एका विधानसभा मतदारसंघात सरासरी साडेतीनशे केंद्रे धरली आणि त्यांतील सात यंत्रे, म्हणजे दोन टक्के, सदोष असली, तर पाच यंत्रे तपासून त्यांतले एखादे हाती लागण्याची शक्यता शेकडा दहाच आहे. पस्तीस यंत्रे सदोष असली तर शेकडा एक्केचाळीस, आणि निम्मी सदोष असली तर शेकडा सत्त्याण्णव. थोडक्यात, एकट्यादुकट्या मतदारसंघातील लहानसा दोष पाच यंत्रांच्या तपासणीत निसटू शकतो. 'शक्यच नाही' असे छातीठोकपणे सांगणारा प्रवक्ता आपल्या बाजूचे नुकसानच करतो.

परंतु आरोप कोणता आहे? आरोप एका मतदारसंघाचा नाही. संपूर्ण राज्याचा जनादेश चोरल्याचा आहे. तेव्हा हिशेबही त्या आरोपाचाच केला पाहिजे. समजा, कोणी केवळ वीस मतदारसंघांत, प्रत्येकी पस्तीस यंत्रांत फेरफार केला. प्रत्येक ठिकाणी पकड चुकण्याची शक्यता शेकडा एकोणसाठ. पण वीसही ठिकाणी चुकण्याची शक्यता? लाखात तीनहून कमी. एकेका मतदारसंघात दुबळी वाटणारी तपासणी वीस मतदारसंघांची मिळून अभेद्य होते. आणि वीस मतदारसंघांनी सरकार बदलले नसतेच! राज्यातील १,४४० यंत्रांत एकही विसंगती सापडली नाही, यावरून पंचाण्णव टक्के खात्रीने असे म्हणता येते की, राज्यभरात सदोष यंत्रे पाचशेत एकाच्या आसपास किंवा त्याहून कमीच असणार. हा हिशेबही सोपा आहे : एकही दोष सापडला नसेल तर तीनला तपासलेल्या संख्येने भागावे, म्हणजे दोषाची कमाल मर्यादा मिळते.

या सर्व गणिताचा पाया एकच : यंत्रे यदृच्छेने निवडली गेली पाहिजेत. आपल्या पद्धतीत ती मतमोजणीच्या दिवशी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. कोणते यंत्र तपासले जाणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून भांडे ढवळलेले राहते. मात्र ही तपासणी यंत्र आणि कागद यांचा मेळ दाखवते, अन्य काही नाही. मतदारयादीविषयीचे आक्षेप हा वेगळा विषय आहे. त्याचे उत्तर या १,४४० यंत्रांत शोधणेही चूक आणि त्या आक्षेपांचा आधार घेऊन यंत्रांवर खापर फोडणेही चूक.

संशयाला घाबरू नये

२६ एप्रिल २०२४ रोजी न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची आणि मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली. त्याच वेळी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालानंतर सात दिवसांत, विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागण्याचा अधिकार दिला. हा निर्णय समतोल आहे. शंभर टक्के मोजणीने सत्य अधिक कळते, हा भ्रम आहे. एका यंत्रातील चिठ्ठ्या मोजायला तासाभराचा अवधी लागतो. थकलेल्या हातांनी कोट्यवधी कागद मोजले की चुकाही कोट्यवधी कागदांच्या प्रमाणात होतात, आणि मग प्रत्येक मानवी चुकीला कारस्थानाचे नाव मिळते.

तरीही सुधारणेला जागा आहे, आणि ती सुचवण्याचा हक्क केवळ विरोधकांनाच नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून अशी पद्धत राबवली की, जेथे विजयाचे अंतर कमी तेथे तपासणीचा नमुना मोठा आणि जेथे अंतर प्रचंड तेथे नमुना लहान. ज्या जागेवर काही शे मतांनी निकाल फिरतो तेथे पाच यंत्रे अपुरी आहेत आणि जेथे लाखाचे मताधिक्य आहे तेथे पाचही पुष्कळ, हे सामान्य माणसालाही पटण्यासारखे आहे. निवडणूक आयोगाने अंतरानुसार नमुना ठरवण्याचा विचार करावा. तपासणीत विसंगती आढळली तर त्या यंत्रापुरती कागदी चिठ्ठी ग्राह्य धरली जाते. पण त्याच मतदारसंघातील उरलेल्या यंत्रांचे पुढे काय करायचे, याचा ठोस नियमही आधीच जाहीर असावा. परीक्षा किती शितांची आणि कच्चे शीत सापडले तर काय करायचे, हे दोन्ही भात शिजण्यापूर्वी ठरलेले असले की पंक्तीत वाद होत नाही.

राज्य लोकांच्या संमतीने चालते आणि ती संमती मोजण्याच्या साधनावर लोकांचा विश्वास नसेल तर जिंकलेल्यालाही खरा विजय मिळत नाही. म्हणून यंत्रावरील विश्वास हा कोण्या एका पक्षाचा लाभ नाही. तो राष्ट्राचा ठेवा आहे. पराभूताने संशयाचा धंदा करू नये आणि विजयी पक्षाने संशयाची टिंगल करू नये. महालनोबीस आणि सुखात्मे यांच्या देशात नागरिकाला १,४४० चा अर्थ समजावून सांगणे अवघड नाही. शाळेच्या फळ्यावर, शाखेच्या बौद्धिकात, ग्रामसभेच्या ओट्यावर ते सांगता येईल. ज्या समाजाने शितावरून भात पारखण्याची रीत म्हणीत आणून ठेवली, त्याला त्यामागचा हिशेब कळायला वेळ लागणार नाही.